पाण्यातले जंतू आणि लोहचुंबक



गावातलं पाणी तपासणाऱ्या आम्ही बायका. नळाचं, विहिरीचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरतो आणि ते काळं पडतं का, याची वाट बघतो. काळं पडलं की पाणी दूषित. पण हे कळायला 24 ते 48 तास जातात. तोवर सगळ्या गावानं तेच पाणी प्यायलेलं असतं, तान्ह्या लेकरांनीसुद्धा.

एवढा वेळ का लागतो? पाण्यात जंतू असतात मोजके, ते वाढल्याशिवाय दिसत नाहीत. नियम तर असा, की पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही नको. म्हणजे अर्धा पेला पाण्यात एकुलता एक जंतू हुडकायचा!

शिवताना टाचण्या सांडल्या की आपण लोहचुंबक फिरवतो. तसंच जंतूंचं करता येईल का, यावर शास्त्रज्ञ काम करताहेत. पण जंतू टाचण्यांसारखे लोहचुंबकाला चिकटत नाहीत. म्हणून लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण घ्यायचे आणि त्यांच्यावर विषाणू चिकटवायचे. विषाणू म्हटल्यावर दचकू नका. हे फेज नावाचे विषाणू फक्त जंतूंनाच धरतात, माणसाला त्यांची बाधा होत नाही. त्यातही प्रत्येकाचा जंतू ठरलेला. आग्र्याला काम करणाऱ्या हँकिन साहेबांनी 1896 साली लिहिलं होतं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, पण तेच पाणी उकळलं की हा गुण जातो. ते काम फेजचंच असावं, असं पुढे अनेकांनी म्हटलं.

तर हे कण पाण्यात ढवळायचे आणि भांड्याला बाहेरून लोहचुंबक लावायचं. जंतूंना धरलेले कण काचेला चिकटतात. पाणी ओतून द्यायचं. उरलेल्या चार थेंबांत सगळे जंतू गोळा! मग तपासणी काही तासांत होऊ शकते.

यात दोन अडचणी आहेत. फेज बहुधा शेपटीनं जंतूला धरतो. तो कणावर उलटा चिकटला, तर शेपूट अडकते आणि जंतू निसटतो. म्हणून त्याचं डोकंच कणाला चिकटेल, असे बदल त्याच्यात करावे लागतात. दुसरं म्हणजे, फेज धरलेल्या जंतूला फोडूनही टाकतो. काही फेज तर अर्ध्या तासातच! म्हणजे जिवंत जंतू हवा असेल तर घाई करायला हवी.

आमच्या हातात अजून जुनीच बाटली आहे. म्हणून पाण्याचा संशय आला, की बाटली काळी व्हायची वाट बघू नका. त्याच संध्याकाळी पाणी उकळायला ठेवा. खळखळून उकळी आली की मिनिटभर तशीच राहू द्या, त्याच भांड्यात झाकून गार करा. आणि टाकीत टीसीएल पडलं का, ते ग्रामपंचायतीत विचारा.