रेकी न करता रिपोर्ट

गेल्या डिसेंबरात आमच्या गुढियारीतल्या सात-आठ कॉलेजच्या मुलांना मी विचारलं, "ख्रिश्चन म्हटलं की काय आठवतं?" उत्तरं भराभर आली. केक, सांताक्लॉज, कॉन्व्हेंट शाळा. मग एक जण म्हणाला, "काका, ते पैसे देऊन धर्म बदलायला लावतात." बाकीच्यांनी माना हलवल्या.

मी विचारलं, "ख्रिश्चन माणसाच्या घरी कोण जेवलंय?" एकही हात वर आला नाही. त्यात नवल नाही. 2011 च्या जनगणनेनुसार आपल्या राज्यात शंभरात दोनही ख्रिश्चन नाहीत. पण मत मात्र पक्कं! फौजेत अशाला आम्ही म्हणायचो, रेकी न करता रिपोर्ट.

मीही हेच केलंय. नवा लेफ्टनंट असताना जशपूरकडच्या एका उरांव जवानाला मी सहज विचारलं, "तुला कधी बाटवलं रे?" तो सावधानमध्ये उभा राहून म्हणाला, "साब, माझे आजोबाही ख्रिश्चनच होते." मी त्याची माफी मागितली नाही. अजून टोचतं.

मुलांना मी रेव्हरंड टिळकांची गोष्ट सांगितली. राजनांदगाव इथून गाडीनं तास-दीड तासावर. तिकडे जाताना रेल्वेत एका अनोळखी साहेबानं नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला. त्यांनी वाचला, झगडले, आणि 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या वेगळ्या राहिल्या. पुढे काही वर्षांनी स्वतः पाहून, सोवळ्याओवळ्याशी भांडून त्याही ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी सगळं मोकळेपणानं लिहिलंय. त्यात पैशाचं आमिष कुठे दिसतं? दिसतात ती तुटलेली नाती.

कुठे आमिष असेल, तर त्यासाठी कायदा आहे. मध्य प्रदेशानं तो 1968 सालीच केला, तेव्हा आपण त्याच राज्यात होतो. पण तक्रार एकाची आणि संशय सगळ्यांवर, हा न्याय नव्हे.

निघताना तो मुलगा थांबला. "काका, आमच्या कोचिंगमध्ये एक ख्रिश्चन आहे. विचारू त्याला?"

म्हटलं, "विचार. पण धर्माचं नंतर. आधी चहा पाज, गाव विचार."

जय हिंद.