जेवणाला उपाशीपोटी जाऊ नका

तुळशीची लग्ने उरकली की आपल्या कोल्हापुरात खरी लग्ने सुरू होतात, आणि साखरपुडा, बारसे, जावळ, वास्तुशांत, गावोगावचे उरूस आणि म्हाया अशी निमित्ते त्यांना येऊन मिळाली म्हणजे एकेका घरी आठवड्यातून दोन-दोन, तीन-तीन आमंत्रणे येऊन पडतात. वजन आटोक्यात ठेवण्याचा ज्यांनी मनापासून निश्चय केलेला असतो, अशी मंडळी या दिवसांत दवाखान्यात येऊन मोठ्या खिन्नतेने सांगतात की, डॉक्टर, चार महिने कष्टाने उतरवलेले वजन पंधरा दिवसांत परत चढले. रात्रीच्या जेवणात काय काय होते याची यादी ते मला ऐकवू लागतात, पण मी त्यांना थांबवतो आणि विचारतो, "ते राहू द्या, त्या दिवशी दुपारी काय खाल्लं होतं?" यावर बहुतेक उत्तर एकच येते : "दुपारी काय न्हाई. रात्री जेवाण होतं न्हवं!"

आजच्या भाषणाचा सारा रोख या उत्तरावर आहे. रात्री आमंत्रण आहे म्हणून दिवसभर पोट रिकामे ठेवण्याचा हा जो शिरस्ता आपल्याकडे पडला आहे, तो मला श्रीखंडापेक्षा, जिलबीपेक्षा आणि मटणाच्या ताटापेक्षाही अधिक अहितकारक वाटतो.

हिशेब वरकरणी अगदी सरळ दिसतो : दुपारचे वाचवले ते रात्री वापरले, मग बिघडले कोठे? बिघडते ते असे, की आठ-दहा तास उपाशी राहिलेला मनुष्य मांडवात शिरतो तेव्हा निवड करण्याची त्याची शक्तीच क्षीण झालेली असते. जे तळलेले आहे, जे गोड आहे आणि जे सर्वांत आधी समोर येते, त्याकडे त्याचा हात जातो, घास भराभर उतरू लागतात आणि दुपारी वाचवलेले पहिल्या पाच-सात मिनिटांतच खर्ची पडते. शिवाय दिवसाचे आधीचे जेवण चुकवले असता पुढच्या जेवणानंतर रक्तातली साखर अधिक उंच चढते, असे अभ्यासकांना आढळून आलेले आहे.

आपल्यापैकी ज्यांनी करवीर किंवा पन्हाळा तालुक्यात गुऱ्हाळ पाहिले आहे, त्यांना ही गोष्ट फोड करून सांगावी लागणार नाही. चुलवाणात जाळ घालणारा गडी काय करतो ते आठवा. तो चिपाडे थोडी थोडी, पण अखंड सारीत असतो. त्याने मध्येच जाळ विझू दिला आणि मग घाईने चिपाडांचा भाराच्या भारा आत कोंबला, तर आधी नुसता धूर होतो, मग एकाएकी भडका उडतो, काहिलीतला पाक तळाला लागतो, गूळ काळपट उतरतो आणि सौद्यात त्याला भाव मिळत नाही. भारा तितकाच होता, ऊसही तोच होता. चुकली ती केवळ घालण्याची रीत. आपल्या जठराचे असेच आहे. आणि त्याच गुऱ्हाळात जो गुळव्या असतो त्याचे कसब तर याहून विचार करण्याजोगे. पाकाचे दोन थेंब पाण्यात टाकून तो गोळी वळते का ते पाहतो, आणि पाक पुरता घट्ट होण्याची वाट न पाहता काहील उतरवण्याचा हुकूम देतो, कारण जाळावरून काढल्यावरही आतल्या उष्णतेने तो पाक काही वेळ शिजतच राहणार, हे त्याला ठाऊक असते. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायला सुमारे वीस मिनिटे लागतात. म्हणून अजून दोन घास जातील असे वाटत असतानाच ज्याने हात आवरला, त्याला गुळव्याचे हे ज्ञान साधले म्हणायचे. परंतु उपाशी आलेल्या माणसाला हे साधत नाही. तो वीस मिनिटे थांबूच शकत नाही. म्हणून सांगतो, सायंकाळी पाच-साडेपाचला घरी अर्धी भाकरी आणि वाटीभर आमटी, किंवा मूठभर फुटाणे आणि पेलाभर ताक, किंवा मोड आलेली मटकी, यांपैकी काहीतरी खाऊन मगच जेवणाला निघा.

मधुमेही श्रोत्यांना मात्र मी हे विनंती म्हणून नव्हे तर ताकीद म्हणून सांगतो. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांना तुमच्या आमंत्रणाचे भान नसते. औषध घेतले आणि जेवण टाळले की साखर घसरते, दरदरून घाम सुटतो, हातपाय कापू लागतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि आपल्या निमंत्रणपत्रिकेवर तर जेवणाची वेळ 'सायंकाळी ७ पासून आपल्या आगमनापर्यंत' अशी छापलेली असते! प्रत्यक्षात पहिला घास तोंडात पडेपर्यंत साडेनऊ-दहा वाजतात. अशा माणसाने दुपारपासून उपाशी राहणे हा जिवाशी खेळ आहे.

येथे कोणी म्हणेल की, डॉ. श्रीकांत जिचकारांनी सांगितलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव व्याख्याने देऊन घराघरांत पोचवलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत आम्ही पाळतो, मग पाच वाजता खायचे कसे? त्यांना माझे सांगणे एवढेच की, आपल्या भुकेच्या दोन वेळा ओळखून त्या नित्य पाळणे निराळे आणि फुकटचे पक्वान्न समोर येणार म्हणून एक दिवस अचानक उपोषण करणे निराळे. जो मनुष्य रोज सकाळी दहाला आणि रात्री आठला जेवतो, त्याने दहाचे जेवण पोटभर घ्यावे आणि आठला जेवण मिळेल अशी तजवीज यजमानाला विचारून करावी. ते जमत नसेल तर आठला घरी जेवून निघावे आणि मांडवात सुपारी घेऊन परतावे. यात अनादर कसला?

आता रश्श्याविषयी. आपल्याकडे रस्सा हा पदार्थ मोजण्याची पद्धत नाही. मटणाचे तुकडे मोजतात, भाकरी मोजतात, रस्सा मात्र "पाणीच की" म्हणून वाटीमागून वाटी रिचवतात. पांढऱ्या रश्श्यात मटणाच्या अळणी पाण्याबरोबर नारळाचे दूध, काजू, खसखस, तीळ यांचे वाटण असते. तांबड्यावर जो कट तरंगत असतो ते निव्वळ तेल असते. मोठा चमचाभर, म्हणजे १५ मिलिलिटर तेल, यात सुमारे १२० कॅलरी असतात. तेवढ्याच कॅलरी एका मध्यम भाकरीत असतात. मी रस्सा सोडा म्हणत नाही, कोल्हापुरात बसून तसे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि रस्सा मंडळाच्या रात्री शेतात चार मित्र एकत्र बसून जे जेवतात त्यातला स्नेह मला मोलाचा वाटतो. मी म्हणतो ते इतकेच की, कट बाजूला सारून एक वाटी तांबडा घ्यावा, एक वाटी पांढरा घ्यावा, आणि तिसरी वाटी ज्या भुकेपोटी मागितली जाते ती भूक घरीच पाच वाजता भागवून यावे.

जुन्या पंगतीत एक शहाणपण होते, ते बुफेने घालवले. पंगतीत आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर पानात येत असे, सर्वांची पाने वाढून होईपर्यंत कोणी घास उचलत नसे, आणि नको असेल तेव्हा पानावर हात आडवा धरला की वाढपी ओळखून पुढे जात असे. म्हणजे विलंब आणि नकार या दोहोंची सोय रीतीतच होती. बुफेमध्ये वाढपीही आपण आणि जेवणारेही आपण. पानावर हात आडवा धरायचा तो कोणापुढे? तेव्हा निदान त्या पंगतीचा क्रम तरी पाळावा. एकदम ताट भरून घेण्यापूर्वी सर्व टेबलांवरून एक फेरी मारावी, काय काय आहे ते पाहावे, आधी कोशिंबीर आणि उसळ किंवा मटण खावे, आणि भात, पुरी, गोड यांना मागून हात लावावा. या क्रमाने जेवल्यास साखर कमी चढते, असे प्रयोगांत दिसून आलेले आहे. अर्थात फेरी मारण्याचा धीर पोटात काही असेल त्यालाच होतो.

काही जण म्हणतात, "डॉक्टर, आमच्यात खाणं पहिल्यापासून असंच, पैलवानाच्या गावचे आम्ही." गाव पैलवानांचे खरेच. शाहू महाराजांनी बांधवलेले खासबाग मैदान १९१२ साली तयार झाले. १९५९ साली पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे याच गावच्या तालमीत घडले. पण पैलवानाचे तूप आणि बदामाची थंडाई आपण उचलली आणि पहाटेच्या हजारांनी मोजायच्या जोर-बैठका मागे ठेवल्या, याला काय म्हणावे? आखाड्यातली तांबडी माती अंगाला लागल्याखेरीज तो खुराक अंगी लागत नाही.

दुसरे काही जण बारीक असतात आणि त्यामुळे निर्धास्त असतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांच्यासह एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या प्रमाणात दोघांचेही वजन सारखेच, म्हणजे बीएमआय निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. आपण भारतीय वरून सडपातळ दिसलो तरी आत चरबी साठवून असतो. म्हणून वजनकाट्याबरोबर घरात शिंप्याची टेप ठेवावी. पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांनी ८०च्या आत राहतो का ते महिन्यातून एकदा पाहावे.

स्त्रियांचा विषय निघाला, तेव्हा जे बोलण्यासाठी मी खरे तर आज आलो ते सांगतो. ज्या घरी जेवण असते त्या घरच्या बायका पहाटेपासून वाटण-घाटण करतात, उभ्या उभ्या चहा पितात, भांड्यातले चाखतात, आणि सर्वांत शेवटी, रात्री साडेअकराला, उरलेला भात आणि थंड रस्सा घेऊन बसतात. त्यांचे वजन का वाढते, असे त्यांचे यजमान मला विचारतात. अहो, त्या माउलीला दुपारी एक वाजता कोणी चुलीपुढून उठवून ताट दिले होते का? पाहुण्याला "एवढं घ्याच की" म्हणून चार वेळा आग्रह करणारे आपण घरातल्या सुनेला, बहिणीला एकदाही तो आग्रह करत नाही. आग्रहाची ही जी शक्ती आपल्या गावात आहे, ती पाहुण्याच्या ताटावरून काढून दुपारी एक वाजता स्वयंपाकघराकडे वळवा. आणि वाढप्यांना सांगून ठेवा, की ज्याने नको म्हटले त्याला पुन्हा विचारायचे नाही.

सरबते, आइस्क्रीम आणि जेवणानंतर रंकाळ्याकाठी मारायची फेरी, यांविषयी बोलायचे राहिलेच. समोर निवेदकांनी हात वर केलेला आहे. यजमानांना एकच विनंती करून थांबतो. मांडवाच्या तोंडाशी ताकाची घागर आणि उकडलेल्या शेंगांची पाटी ठेवा, आणि पत्रिकेवर जेवणाची जी वेळ छापाल, त्या वेळेला पहिले पान खरोखर वाढा.