बिऱ्हाड सोडताना

मे महिना सरत आला की शिक्षकमंडळींच्या घरांतून बदलीचा विषय निघतो. हुकूम हातात पडला की चंबूगबाळं आवरायचं, टेम्पो ठरवायचा आणि नव्या गावी खोली शोधायची. नवा मालक अनामत आगाऊ मागतो आणि जुनी अनामत तर अजून जुन्या मालकाच्याच कपाटात असते. या दोहोंमध्ये पगारदार माणसाची काय ओढाताण होते, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं!

माझीच फजिती सांगतो. पहिल्या नोकरीतलं बिऱ्हाड सोडताना मी घर झाडून काढलं नि किल्ली देऊन मोकळा झालो. मालकांनी भिंतीवरचे खिळे मोजले, ओट्यामागची तेलाची पुटं दाखवली, मोरीतला गळका नळ दाखवला आणि निम्मी अनामत कापून घेतली. मी पुष्कळ भांडलो. पण नळ मी येण्याआधीपासून गळत होता, हे दाखवायला माझ्याजवळ कागदाचा कपटाही नव्हता. खिळेही बरेचसे आधीच्या भाडेकरूचेच!

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं १०८ वं कलम असं सांगतं की, जागा ज्या स्थितीत मिळाली त्या स्थितीत परत करावी. मात्र रोजच्या वापरानं होणारी वाजवी झीज त्यातून वगळलेली आहे. चार वर्षांत रंग फिका पडला, ही झीज. मुलानं दारावर खिळ्यानं नाव कोरलं, ही मोडतोड. छपरातून ओल उतरून भिंतीला बुरशी आली, तर तिचं खापर तुमच्या माथी नाही. हल्ली बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार असतो. त्यात रंगाच्या खर्चाची ओळ आहे का, हे सही करण्यापूर्वीच वाचलेलं बरं. असा करार लेखी असावा, त्याची नोंदणी व्हावी, आणि ती जबाबदारी मालकाची, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ म्हणतो.

आता सफाई. सामान हलल्यावर एक दिवस हाती ठेवा. भरल्या घराचा मळ दिसत नाही. कपाट सरकलं की भिंत बोलू लागते. जळमटांपासून आरंभ करून फरशीवर शेवट करावा, नाहीतर तेच काम दोनदा पडतं. ओट्यामागच्या चिकटपणाला धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून लावावा, थोडा वेळ मुरू द्यावा, मग घासावं. सोडा हात खातो. रबरी मोजे घाला. बोअरच्या पाण्यानं नळावर चढलेले पांढरे क्षार व्हिनेगरात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं की सुटतात. पण तोच प्रयोग शहाबादी फरशीवर करू नका. तो चुनखडीचा दगड. आम्लानं त्याची कांती जाते आणि डाग कायमचा बसतो. घर उजळायला जावं आणि फरशीची भरपाई द्यावी, असं व्हायचं!

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. संडासात अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि तेवढ्याशा कोंडलेल्या जागेत तो जिवावर बेतू शकतो. एका वेळी एकच वापरा, दार-खिडकी उघडी ठेवून.

खिळे उपटून भोकं पुट्टीनं बुजवा. साध्या डिस्टेंपरच्या भिंतीवर ओलं फडकं फिरवू नका, पट्टे उमटतात.

विजेचं बिल भरून मीटरचा आकडा टिपून घ्या. मालकांसोबत खोल्या फिरून पाहा, कापायचं असेल ते कशाबद्दल व किती, हे कागदावर मागा, आणि किल्ली व पैसे यांची देवघेव एकाच बैठकीत उरका. भिडेपोटी ‘पाठवा सावकाश’ म्हणू नका. आम्हा मास्तरांना तेवढीच एक खोड असते.

आणि नव्या घरी टेम्पो रिकामा करण्याआधी, खोल्या मोकळ्या असतानाच खिशातला फोन काढा. भिंती, फरशी, मोरी यांचे फोटो घेऊन त्याच दिवशी मालकांना पाठवा. नळ गळत असेल, तर त्याचा पहिला.