पावसाळी मुलखातील परसबाग



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलेन अशी त्यांची अटकळ असावी. परसबागेचे नाव काढताच ते थोडे थबकले. सफाई कामगारांची युनियन चालविणारा माणूस भेंडी-मिरचीवर काय बोलणार, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. तो रास्तही होता. मी शेतीशास्त्राचा पदवीधर नव्हे. दहावीपुढे माझी शाळा झाली नाही, नंतरचे जे काही वाचन झाले ते वाचनालयाच्या बाकावर. परंतु गेली तीस वर्षे वस्त्यावस्त्यांतून सभा घेत हिंडताना माझा एक अनुभव आहे. सभा संपली की लोक पगाराबद्दल दोन प्रश्न विचारतात आणि परसाबद्दल चार. "भाऊ, मिरची का मरते?" "भाऊ, गोगलगायींचं काय करू?" या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता मी जे शिकलो तेवढेच आज सांगणार आहे. आणि शेवटी युनियनचे एक गाऱ्हाणेही सांगणार आहे, ते सोडून मला बोलताच येत नाही.

आधी हिशेब. भूगोलाच्या पुस्तकात आपल्या कोकणाचे हवामान 'सम व दमट' असे लिहिलेले असते. थंडीत स्वेटर लागत नाही, उन्हाळ्यात पारा सहसा चाळिशी गाठत नाही. समुद्राची ही कृपा. पण पाऊस? वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तेव्हा पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशा तुमच्या वाफ्यावर चार महिन्यांत तीस हजार लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे तीन टँकर! आणि हाच वाफा आज, मे महिन्यात, घोटभर पाण्यासाठी तोंड वासून पडलेला आहे. कातळावरचे पाणी उतारावरून धावत समुद्राला मिळते, आणि चैत्र-वैशाखात त्याच गावाला टँकरची वाट पाहावी लागते. हे सगळ्यांना ठाऊक आहे. परंतु बाग करताना आपण हे विसरतो आणि घाटावर छापलेली पुस्तके वाचून वाफे सपाट करतो.

माझ्या वडिलांनी हेच केले. ते मुंबईला गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर संपलाच नाही, आणि हजारो घरांप्रमाणे आमचेही घर बोचकी बांधून गावी परतले. मी तेव्हा सातवीत होतो. वडिलांच्या हाताला काम नव्हते. त्यांनी घरामागचे परस खणले, दोरी लावून सरळ रेघेत, साच्यावरच्या सुतासारखे सपाट वाफे केले आणि मिरचीची दोनशे रोपे लावली. आषाढ लागला आणि आठ दिवसांत रोपे बुंध्याशी काळी पडून आडवी झाली. वडील पायरीवर बसून राहिले. आजी पडवीत होती. ती म्हणाली, "पाणी घालणं कुणालाही येतं रे. पाणी घालवायला शिक." त्या वर्षी आम्ही मिरची विकत आणली. एरवी कधी न बोलणारे माझे वडील दुकानदाराशी भांडले, ते मिरचीच्या भावावरून नव्हते हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

तर परसबागेचे पहिले काम रोप लावणे नव्हे, पाण्याला वाट काढून देणे हे आहे. आज रात्री घरी गेलात की परसात उभे राहून एवढेच पाहा, पाणी कुठून येते आणि कुठे जाते. पागोळीची रेघ कुठे पडते? त्या रेघेखाली काहीही लावू नका. तिथे दगडगोटे पसरा, नाहीतर पागोळी माती उडवून भिंतीवर आणि पानांवर मारते, आणि त्या मातीबरोबर रोगही पानांवर चढतो. वाफा जमिनीपासून निदान वीतभर उंच असावा, चारी बाजूंना चर, आणि चरांचा उतार एकाच दिशेने. त्या उताराच्या टोकाला, जिथे पाणी साचणारच, तिथे अळू लावा. अळवासारखे समजूतदार पीक नाही. मोरीच्या पाण्यावरही ते खूश असते.

मिरची आणि वांग्याचे बी पडवीत, पागोळीच्या आत, टोपलीत किंवा फुटक्या घमेल्यात पेरावे. कोवळ्या रोपावर पावसाचा मारा बसता कामा नये, आणि बी दाट पेरू नये. रोपे दाटीवाटीने उगवली आणि खाली ओल राहिली की ती कोलमडतात. बुरशीच ती. टोमॅटो, कोबी, फुलकोबी यांचा नाद पावसाळ्यात सोडून द्या, ती पिके पाऊस सरल्यावरची. पावसाळा हा वेलींचा. काकडी, पडवळ, दोडका, कारले मृगाच्या सुमारास पेरून मांडवावर चढवावीत. मांडव म्हणजे तरी काय, फळ जमिनीच्या ओलीपासून उचलून वाऱ्यावर टांगण्याची युक्ती. कारल्यात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तारा' ही जात आहे. भेंडीत, पाने पिवळी पडण्याच्या रोगाला दाद न देणारी म्हणून 'परभणी क्रांती' प्रसिद्ध झाली. युनियनवाल्याने नावावरूनच ती निवडली अशी थट्टा आमच्या कार्यालयात होते. होऊ दे.

आता माती. आपली माती जांभ्याची. या दगडाला इंग्रजांनी 'लॅटेराइट' म्हटले. बुकॅनन नावाच्या डॉक्टराने मलबारात लोक हा दगड कापून विटांसारखा वापरताना पाहिले आणि १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव दिले. आपण तोच चिरा घराला लावतो. हजारो वर्षांच्या पावसाने या मातीतला चुना धुऊन नेला आणि मागे लोखंड राहिले. म्हणून ती तांबडी, आणि म्हणूनच ती आंबट. बहुतेक भाज्यांना इतकी आंबट माती मानवत नाही. उपाय साधा आहे. विरलेला चुना मीटरभर लांब-रुंद जागेला दोन मुठी, पावसाआधी मातीत मिसळावा. मात्र चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका, शेणखतातले नत्र उडून जाते. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. म्हणजे चुना आत्ता, शेणखत मृगाच्या तोंडावर. चुलीतली लाकडाची राख असेल तर तीही चालते. युरिया एकदम मूठभर टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पहिल्या मोठ्या सरीबरोबर तो खाडीत जातो. द्यायचाच तर चिमूट-चिमूट, पुन्हा पुन्हा.

गोगलगायींबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते. मीठ टाकू नका, मीठ मातीलाच मारते. संध्याकाळी ओले गोणपाट वाफ्याशेजारी अंथरावे आणि सकाळी उलटावे, सगळी मंडळी तिथे सभेला जमलेली असते. ती उचलून साबणाच्या पाण्यात टाकावी. मात्र हात घालताना मोजे किंवा निदान पिशवी हवी. वाफ्यावर पाल्याचे आच्छादन अवश्य घाला, त्याने सरींचा मार बसत नाही. पण तेच गोगलगायींचे घर होते. म्हणून रोपाच्या बुंध्याभोवती वीतभर जागा उघडी ठेवायची. यापलीकडे तोड मला सापडलेली नाही.

कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा पालथ्या करा. डेंग्यूचा डास चिखलात नव्हे, अशा स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आणि परसात अनवाणी जाऊ नका. उंदराच्या मुतातून चिखलात येणारा लेप्टोचा ताप पायाच्या एवढ्याशा भेगेतूनही शिरतो. आमच्या युनियनने गमबुटांसाठी दोन वर्षे अर्ज-विनंत्या केल्या, तुम्हाला ते बाजारात मिळतात.

आता गाऱ्हाणे. याच महिन्यात गावातून फिरा, प्रत्येक आळीत सुक्या पानांचे ढीग जळताना दिसतील. शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो, त्याला त्याची कारणे आहेत. आपण शहरात फक्त पान डोळ्यांसमोरून जावे म्हणून जाळतो. मग जुलैत काय होते? स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवायला सुके पान हवे, ते शिल्लक नसते. परसातल्या खड्ड्यात पाणी भरते, घाण सुटते, आणि कंटाळून आपण सगळे एका पिशवीत कोंबून घंटागाडीत टाकतो.

एका श्रावणात आमच्या एका सभासद बाईचा तळहात अशाच पिशवीने कापला. भाजीच्या देठांत, माशांच्या खवल्यांत फुटका ग्लास होता. जखम चिघळली, बावीस दिवस ती घरी बसली. ठेकेदाराने त्या दिवसांचा एक पैसा दिला नाही, आणि ती बांधलेली पिशवी कुणाच्या घरची हे कुणाला कधी कळले नाही. आम्ही हातमोज्यांसाठी भांडलो, मोजे मिळाले. पुढच्या पावसात तीच बाई मला म्हणाली, "भाऊ, मोज्यात पाणी भरतं. मोजे राहू देत, त्या पिशवीतलं ओलं तेवढं बाजूला काढायला सांगा लोकांना." २०१६ सालच्या नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे प्रत्येकाचे कर्तव्य ठरविले. पण नियम घरात शिरत नाही, हे मी कामगार कायद्यांवरून पुरते ओळखून आहे.

म्हणून पाने जाळू नका, गोणीत भरून पडवीत ठेवा. चार माणसांच्या घराला दहा-बारा गोण्या लागतील. खड्डा खणू नका, आपल्या पावसात खड्डा म्हणजे विहीर. जमिनीवर चिरे फटी ठेवून मीटरभर उंच रचा, तळाला फांद्या, वर पत्रा. ओल्याच्या एका घमेल्यावर सुक्या पानांची दोन घमेली. माशांचे काटे आणि उरलेला भात मध्यभागी, वर माती, नाहीतर उंदीर येतील. माशांचे धुवण माडाच्या बुंध्याला. असे केले तर दिवाळीच्या सुमारास तळाकडून काळे, भुसभुशीत खत काढता येईल, तेवढ्यात माठ, मुळा आणि वालाची वेळ होते.

ज्यांना परस नाही त्यांचे काय, असे मागच्या रांगेतून आत्ता कुणीतरी पुटपुटले. बरोबर आहे. बिल्डिंगीत दोन कुंड्या होतात, बाग होत नाही. इंग्लंड हाही सौम्य आणि भिजरा देश. तिथे १९०८ च्या कायद्याने, गावातल्या सहा मतदारांनी लेखी मागणी केली की तिची दखल घेऊन भाजी लावायला जमिनीचे तुकडे देणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. एक तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा, नाममात्र भाड्याने. आपल्या नगरपरिषदेकडेही रिकामे भूखंड आहेत, त्यांवर पावसाळ्यात टाकळा आपोआप उगवतो. तिथे चार वाफे मागण्याचा अर्ज मी लिहून आणला आहे. दाराशी टेबलावर ठेवला आहे. सह्या करणाऱ्यांना वेळ कुठून आणायचा हा प्रश्न पडेल. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, त्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच मृग लागतो.

मृगाला अजून पाच आठवडे आहेत. चुना या रविवारी टाकता येईल. आता प्रश्न विचारावेत, गोगलगायींखेरीज.