रुळाच्या पोटातील भेग

(चेन्नई येथे रेल्वे कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आमच्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली 1853 साली. तुमच्या रोयापुरमहून वालाजा रोडकडे पहिली गाडी सुटली 1 जुलै 1856 रोजी. त्या काळी रूळ फिशप्लेटांनी जोडलेले असत. सांधा ढिला झाला की कीमनच्या डोळ्यांना दिसे, हातोडीच्या आवाजावरून कळे. आज कारखान्यातून 260 मीटरचे लांब तुकडे येतात आणि ते आपण मार्गावर थर्मिट वेल्डिंगने सांधतो. प्रवाशांचा खडखडाट गेला, पण दोष पोटात लपला. साचा नीट तापला नाही तर धातू एकजीव होत नाही, मळी अडकते, आणि वरून जोड मात्र गुळगुळीत दिसतो.

हा दोष शोधायला श्राव्यातीत ध्वनी वापरतात. प्रोब आणि रूळ यांच्यामध्ये पाणी किंवा तेल हवे. हवेचा पातळ थर राहिला तरी ध्वनी पोलादात शिरत नाही. पोलादात तो सेकंदाला सुमारे 5,900 मीटर वेगाने जातो. 60 किलोचा रूळ 172 मिलिमीटर उंच असतो. तळावर आपटून ध्वनी परत यायला सुमारे 58 मायक्रोसेकंद लागतात. त्याआधी प्रतिध्वनी आला तर मध्ये काहीतरी आहे.

परंतु सरळ खाली सोडलेला ध्वनी उभ्या भेगेच्या कडेने निघून जातो. म्हणून 45 आणि 70 अंशांचे प्रोब लागतात. रुळाच्या पायाच्या दोन्ही बाजू तर माथ्यावरून तपासताच येत नाहीत. तिथे उकिडवे बसून, तारेच्या ब्रशने गंज काढून, पायावरच प्रोब फिरवावा लागतो. इथल्या खाऱ्या हवेत गंजाचे पापुद्रे किती जाड होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे इगतपुरीला थंडीच्या पहाटे रूळ आकसू पाहतो, ताण वाढतो, आणि अशी भेग तेव्हाच उघडते.

या कामाला वेळ लागतो, आणि तोच मिळत नाही. आमच्या एका साथीने पाय तपासायला वेळ मागितला. उत्तर मिळाले, "माथा चांगला आहे ना? मग पुढे चला." पुढच्या फेरीत त्याच जोडाच्या पायात भेग निघाली. जॉगल्ड फिशप्लेट व क्लॅम्प लावले, गाड्यांचा वेग कमी केला, अपघात टळला. चौकशीत पहिला प्रश्न आला: नोंदवहीवर सही कोणाची? सही आमच्या साथीची होती. वेळ नाकारणाऱ्याची कुठेच नव्हती.

म्हणून आमची मागणी साधी आहे. "वेळ न मिळाल्याने पाय तपासला नाही" असे नोंदवहीत लिहिण्याचा तपासणाऱ्याला हक्क हवा, आणि त्याखाली वेळ नाकारणाऱ्याचीही सही हवी. तपासणी कंत्राटावर दिली असेल तिथे तर हे आधी हवे. ज्याला जोडागणिक पैसे मिळतात, तो उकिडवा कशाला बसेल?

बाहेर मुद्दाम छिद्रे पाडलेला रुळाचा तुकडा ठेवला आहे. जेवणानंतर प्रत्येकाने प्रोब हातात घ्यावा. ज्यांनी कधी धरलेला नाही, त्यांनी आधी.