इस्त्रीतला राखणदार



आम्ही घाटकोपरला चाळीत राहतो. मुंबईच्या उपनगरांना वीज देण्यासाठी १९२९ साली बी. एस. ई. एस. ही कंपनी निघाली. आज दहा बाय दहाच्या खोलीतही पंखा, मिक्सर आणि इस्त्री असते. वीज घरात आली. पण तिची राखण कोण करतो, ते आपल्याला ठाऊक आहे का? आम्हालाही नव्हते.

आमच्या शेजारच्या वहिनी शिवणकाम करतात. एकदा त्यांची इस्त्री बंद पडली. आम्हीच एका कारागिराला बोलावले. त्याने इस्त्री उघडली. म्हणाला, "गुरुजी, आतला फ्यूज उडालाय. नवा कशाला? तार जोडून डायरेक्ट करून देतो." आम्ही म्हटले, "कर बाबा. वहिनींचे पैसे वाचतील."

इस्त्री चालू झाली. चार दिवसांनी वहिनी ती चालूच ठेवून नळावर गेल्या. धूर दिसला तसे आम्ही धावलो. आधी भिंतीवरचे बटण बंद केले. टेबलावरची चादर जळाली होती. खालची फळी काळी पडली होती. आणि वर पोटमाळ्यावर त्यांचे लेकरू झोपले होते! लेकरू वाचले. पण चूक आमची होती.

तुम्ही विचाराल, "गुरुजी, मीटरजवळचा फ्यूज का नाही उडाला?" प्रश्न बरोबर आहे.

मीटरजवळचा फ्यूज वीज किती वाहते तेवढेच बघतो. फार वाहू लागली की त्याची तार वितळते. घरची वीज २३० व्होल्टची. १००० वॅटची इस्त्री चार अँपिअरपेक्षा थोडी जास्त वीज घेते. इस्त्रीत थर्मोस्टॅट असतो. इस्त्री पुरेशी तापली की तो वीज तोडतो. निवली की पुन्हा जोडतो. तो चिकटून बसला तर इस्त्री तापतच जाते. पण वीज तेवढीच घेते. मग मीटरजवळच्या फ्यूजला कळणार कसे?

म्हणून चांगल्या इस्त्रीच्या पोटात दुसरा राखणदार असतो. त्याला थर्मल फ्यूज म्हणतात. तो वीज मोजत नाही, उष्णता ओळखतो. ती एक लहानशी नळी असते. किती अंशांना तुटायचे, तो आकडा तिच्यावर छापलेला असतो. काही नळ्यांत एक गोळी आणि स्प्रिंग असते. उष्णता त्या आकड्यावर गेली की गोळी वितळते, स्प्रिंग सुटते आणि वीज तुटते. ती पुन्हा जुळत नाही.

कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आठवा. कुकर पाण्यावाचून तापला की तो वितळतो. तिथे कोणी खिळा ठोकून भोक बुजवते का? नाही. आपण नवा व्हॉल्व्ह आणतो.

वहिनींच्या इस्त्रीचा फ्यूज उगीच उडाला नव्हता. थर्मोस्टॅट चिकटत होता. फ्यूजने ते सांगितले. आम्ही त्याचे तोंड बंद केले.

म्हणून फ्यूज उडाला तर दोन गोष्टी करा. आधी तो का उडाला ते कारागिराला शोधायला लावा. मग त्याच आकड्याचा नवा फ्यूज बसवून घ्या. त्याला साधा डाग देऊ नका म्हणावे. डागाच्या उष्णतेनेच तो वितळू शकतो. टोके दाबून जोडावी. आणि इस्त्री चालू ठेवून कधीही उठून जाऊ नका.

कोणी म्हणाले, "डायरेक्ट करून देतो," तर हात जोडून सांगा, "नको रे बाबा!" गावी जाल तेव्हा तिथेही हे सांगा.