परवलीचे शब्द कोठे ठेवावे?

मुंबईहून सुरतेकडे जाणारी गाडी सचीन सोडून उधन्याकडे निघाली की मध्ये भेस्तानचे छोटे स्टेशन लागते. जवळच पांडेसऱ्यातील रंगाई-छपाईच्या गिरण्या, उधना-लिंबायतचे यंत्रमाग आणि त्यांवर राबणाऱ्या माणसांच्या दाट वस्त्या, असा हा परिसर आहे. ओडिशा, उत्तर प्रदेश व बिहार येथील कामगारांबरोबरच जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने आलेली मराठी कुटुंबेही या भागात वर्षानुवर्षे नांदत आहेत. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी, अशा चार भाषा या घरांतील मुले सहज बोलतात.

गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र या घरांवर एक पाचवी भाषा शिकण्याची पाळी आली आहे. ती भाषा म्हणजे परवलीच्या शब्दांची. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यास २०१४ पासून कामगाराचा कायमचा क्रमांक जोडला गेला. २०१५ मध्ये कागदपत्रे ठेवण्यास डिजिलॉकर आले. २०१६ मध्ये मोबाइलवरून पैसे पाठविण्याची यूपीआय पद्धत सुरू झाली. दिवाळीस गावी जाण्याचे तिकीट, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, गॅसचे सिलिंडर, विजेचे बिल, सगळ्यांची दारे मोबाइलच्या एका काचेमागे आली आणि बहुतेक प्रत्येक दारास निराळे कुलूप लागले. बारा-बारा तासांची पाळी करून आलेल्या मनुष्याने हे सर्व शब्द ध्यानात ठेवावे ही अपेक्षाच मुळी अवास्तव आहे.

मग हे शब्द जातात कोठे? काही दिनदर्शिकेच्या पाठीमागे लिहिले जातात, काही मोबाइलमधील छायाचित्रांत पडून राहतात. पण सर्वांत चिंतेची जागा निराळीच आहे. ज्या दुकानात निधीचा अर्ज भरून घेतला, त्याच दुकानदाराने परवलीचा शब्द ठरविलेला असतो आणि तो त्याच्याच वहीत लिहिलेला असतो. दुकानदार सज्जन असेलही. परंतु आयुष्यभराच्या कमाईची किल्ली परक्याच्या वहीत आणि मालक मात्र किल्लीवाचून, ही स्थिती काही बरी नव्हे.

परवलीचा शब्द ही गोष्ट संगणकापेक्षा फार जुनी आहे. रात्रीच्या पहाऱ्यावरील शिपाई ती विचारीत असे. संगणकावर ती आली १९६१ च्या सुमारास, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत. एकाच यंत्रावर अनेकांनी पाळीपाळीने काम करावयाचे, तेव्हा प्रत्येकाचे दप्तर वेगळे राहावे म्हणून फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने प्रत्येकास एक गुप्त शब्द दिला. मौज अशी की, दुसऱ्याच वर्षी अॅलन शेर नावाच्या संशोधकाने, आपल्या वाट्याचा वेळ पुरेना म्हणून, सर्वांच्या शब्दांची यादीच त्या यंत्राकडून छापून घेतली. म्हणजे कुलूप आणि कुलूपफोड यांचे वय जवळजवळ सारखेच आहे.

या इतिहासातील दुसरा धडा २००९ सालचा आहे. रॉकयू नावाच्या अमेरिकन कंपनीकडून तीन कोटी वीस लाख परवलीचे शब्द चोरीस गेले. ते उघड्या अक्षरांत साठविलेले असल्याने लोक कोणते शब्द निवडतात हे जगास प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसले. एकपासून सहापर्यंतचे आकडे ओळीने लिहून समाधान मानणारे सुमारे २ लाख ९० हजार निघाले! आळस हे याचे एकच कारण नव्हे. माणसाची स्मृती जेथे थकते तेथे ती सोपा मार्ग धरते. आणि त्याहून सोपा मार्ग म्हणजे एकच शब्द सर्वत्र वापरणे. चोरांस हे पक्के ठाऊक असते. एखाद्या क्षुल्लक दुकानाच्या यादीतून मिळालेला शब्द ते त्याच माणसाच्या ई-मेलला लावून पाहतात. ई-मेल उघडला की इतर कित्येक खात्यांचे शब्द तेथूनच बदलून घेता येतात. खिडकीची कडी निसटावी आणि तिच्यातून तिजोरीपर्यंत वाट मिळावी, तसे हे आहे.

यावरील उपाय म्हणजे ‘पासवर्ड मॅनेजर’. मराठीत त्यास परवलीच्या शब्दांची पेटी म्हणता येईल. ही पेटी प्रत्येक खात्यासाठी लांबलचक, अर्थहीन व निराळा शब्द स्वतः घडविते, तो साठवून ठेवते आणि वेळेवर योग्य त्या जागी भरते. मालकाने ध्यानात ठेवावयाची ती पेटीची एकच किल्ली. आणखी एक लाभ असा की, बँकेच्या पानासारखे दिसणारे खोटे पान डोळ्यांस फसवील. पण पेटी पानाचे रूप पाहत नाही, पत्ता पाहते. पत्ता निराळा असेल तर ती आपणहून शब्द पुढे करीत नाही, आणि तेवढ्यानेच मालक सावध होऊ शकतो.

आता निवड कशी करावी हा खरा प्रश्न. त्यासाठी सुरतेच्याच बाजारातील एक दाखला उपयोगी पडेल. येथील हिऱ्यांचे व्यापारी आपला माल आंगडियांच्या हातून मुंबईस धाडतात. पुडके मोहोरबंद असते. आंगडियाने ते जसेच्या तसे पोहोचवावयाचे, फोडावयाचे नाही. चांगल्या पेटीची पहिली कसोटी हीच आहे. शब्द मालकाच्या मोबाइलवरच गुप्तलिपीत बंद झाले पाहिजेत आणि कंपनीकडे जावयाचे ते मोहोरबंद पुडकेच. किल्ली कंपनीस ठाऊक असता कामा नये. याची दुसरी बाजूही नीट ओळखली पाहिजे: अशा पेटीची किल्ली हरविली तर कंपनी सहसा ती परत देऊ शकत नाही.

दुसरी कसोटी उघडेपणाची. ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषापंडिताने १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाविषयी एक नियम सांगितला: यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. ज्या पेटीची रचना सर्व जगास तपासावयास खुली आहे आणि बाहेरच्या जाणकारांनी ती वेळोवेळी तपासली आहे, ती ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्या पेटीहून केव्हाही बरी.

या दोन्ही कसोट्यांचे महत्त्व २०२२ मध्ये दिसून आले. लास्टपास या प्रसिद्ध कंपनीच्या साठ्यातून ग्राहकांच्या पेट्यांच्या प्रती चोरीस गेल्या. आतील शब्द गुप्तलिपीत होते. परंतु कोणत्या संकेतस्थळांवर खाती आहेत ते पत्ते उघडे होते. ज्यांची किल्ली लांब व अवघड होती त्यांना बराच अवधी मिळाला; ज्यांची आखूड होती त्यांच्या पेट्या धोक्यात आल्या. पेटीच चोरीस गेली तरी ती उघडू नये, इतकी किल्ली मजबूत हवी, हे त्यातून निघणारे तात्पर्य होय.

तिसरी कसोटी सोपेपणाची. भेस्तानसारख्या वस्तीत तिला पहिल्या दोहोंइतकेच वजन आहे. जी वापरण्यास कटकटीची ती पेटी आठवड्यात बाजूस पडते आणि माणूस पुन्हा दिनदर्शिकेकडे वळतो. साध्या मोबाइलवर ती सुरळीत चालावी, शब्द आपोआप भरावे, मोबाइल बदलल्यास सर्व माल नव्या मोबाइलवर यावा, आणि पेटी न आवडल्यास तो उचलून दुसऱ्या पेटीत नेण्याची मोकळीक असावी. जी आत घेते पण बाहेर काढू देत नाही, ती पेटी नव्हे, पिंजरा आहे.

या कसोट्यांवर आज काही नावे घेता येतात. २०१६ मध्ये आलेली बिटवॉर्डन ही उघड्या रचनेची आहे. तिच्या विनामूल्य प्रकारातही शब्दांच्या संख्येस मर्यादा नाही आणि ती एकाहून अधिक यंत्रांवर चालते. २००३ पासून चालत आलेली कीपास हीही उघड्या रचनेची व विनामूल्य. तिची पेटी एका फाइलच्या रूपाने मालकापाशीच राहते, म्हणून तिची दुसरी प्रत जपण्याची जबाबदारीही त्याचीच. वनपासवर्ड चांगली आहे, पण तिला वर्गणी पडते. गूगलची व अॅपलची पेटी मोबाइलबरोबरच येते आणि काहीही न वापरण्यापेक्षा ती कितीतरी बरी. मात्र तेथे मोबाइलचे कुलूप ढिले असेल तर सर्वच ढिले. ज्यास विशेष खटपट नको, पण पेटी मोबाइलच्या कंपनीपासून वेगळी हवी, त्यास बिटवॉर्डन सोयीची ठरेल.

किल्ली कशी असावी? मुलाचे नाव, जन्मसाल किंवा गावाचे नाव नको. वस्तीत ते सर्वांस ठाऊक असते. आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये एक सुंदर युक्ती सुचविली. ७,७७६ शब्दांची यादी घ्यावी, पाच वेळा फासा टाकून येणाऱ्या आकड्यांनी एक शब्द निवडावा आणि असे पाच-सहा शब्द ओळीने जोडावे. पाच शब्दांच्या अशा किल्ल्या २८ या आकड्यापुढे अठरा शून्ये मांडावी इतक्या होतात. मर्म एवढेच की शब्द फाशाने निवडावे, मनाने नव्हे. मन नेहमी ओळखीच्या वाटेने जाते. चिंच, रहाट, कुदळ, पणती, ढग असे शब्द लक्षात ठेवण्यास काय अवघड आहे? (छापून आलेले हेच शब्द मात्र कोणी घेऊ नयेत.) मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहावयाचे असल्यास त्यांचे स्पेलिंग पहिल्याच दिवशी कायम करावे, नाहीतर महिन्याने ‘पाऊस’ नेमका कसा लिहिला होता यावर घर अडून बसते. एकदा अशी किल्ली ठरली की ती दर महिन्यास बदलण्याचीही गरज नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनेच २०१७ मध्ये ठराविक मुदतीने शब्द बदलावयास लावण्याची जुनी प्रथा सोडावी असे सांगितले. चोरीचा संशय आला तरच बदल करावा.

एका मोबाइलवर सारे घर चालते तेथे आणखी एक दक्षता हवी. पेटी बोटाच्या ठशाने उघडण्याची सोय ठेवली, तर त्या मोबाइलवर ज्या ज्या व्यक्तींचे ठसे नोंदलेले असतील त्या सर्वांस ती उघडू शकते. मुलांचे ठसे नोंदलेले असतील तर पेटी शब्दांच्या किल्लीनेच उघडावी.

याउलट संकटही ध्यानात घेतले पाहिजे. घरातील कर्त्या माणसास अपघात झाला किंवा तो कायमचा गेला, आणि किल्ली केवळ त्याच्याच डोक्यात असली, तर कष्टाचे पैसे असूनही पत्नीस कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून किल्ली कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, घरच्या लोखंडी पेटीत दागिन्यांशेजारी ठेवावी आणि पत्नीस किंवा आईस ते सांगून ठेवावे. वारसाची रीतसर नोंद तर वेगळी केलीच पाहिजे. परवलीचा शब्द तिची जागा घेऊ शकत नाही.

पेटीच्याही मर्यादा आहेत. यूपीआयचा व एटीएमचा पिन तिच्यात नव्हे, डोक्यातच असावा. मोबाइलवर आलेला ओटीपी जो स्वतःच फोनवर सांगून टाकतो, त्याचे रक्षण जगातील कोणतीही पेटी करू शकत नाही. फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे. पैसे अडविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

आणि ज्या घरातील वृद्धास यातले काहीच जमणार नाही, त्याने एक वही करावी. प्रत्येक खात्याचा निराळा शब्द तिच्यात लिहावा व ती कुलपात ठेवावी. ब्रूस श्नायर या नामांकित तज्ज्ञानेही परवलीचे शब्द कागदावर लिहून पाकिटात बाळगावे असा सल्ला दिलेला आहे. कारण कागदाचे लहान तुकडे जपणे माणसास चांगले जमते. वही चोरण्यास चोराला घरात यावे लागते; सर्वत्र वापरलेला एकच शब्द मात्र हजारो मैलांवरून चोरता येतो.

आरंभ लहान असावा. पहिल्या रविवारी केवळ दोन खाती पेटीत घालावी, ई-मेल आणि भविष्यनिर्वाह निधी. आणि दोन्हींचे शब्द तेथल्या तेथे नवे करून घ्यावे. त्याच दिवशी दुकानदाराच्या वहीतील जुना शब्द निकामी होतो. दुकानदाराशी भांडण्याचे कारण उरत नाही. अर्ज भरण्यास त्याच्याकडे खुशाल जावे. किल्ली मात्र घरी ठेवून जावे.